कडबा आणि पैदाशीचे गणित

पीक-पैदाशीचे राष्ट्रीय कार्यक्रम आंतरराष्ट्रीय संस्थांच्या सहकार्याने आधुनिक करावेत, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे. आमचाही त्याला विरोध नाही. पण 'आधुनिक' म्हणजे 'वेगवान' अशी जी व्याख्या रूढ होते आहे, ती आम्हाला अपुरी वाटते.

पैदासकारांचे एक साधे समीकरण आहे. निवडीची कठोरता, निवडीची अचूकता आणि पिकातील आनुवंशिक विविधता यांचा गुणाकार करायचा व त्याला एका पिढीला लागणाऱ्या वर्षांनी भागायचे. उत्तर म्हणजे पिकातली दरवर्षीची सुधारणा. बारावीच्या वर्गात हे फळ्यावर सहज मांडता येईल. छेद लहान केला की उत्तर मोठे होते. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेने तुरीसाठी २०२४ साली जाहीर केलेली जलद पैदाशीची पद्धत याच छेदावर काम करते. तूर ही लहान दिवसांची वनस्पती. रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय ती सहसा फुलत नाही. बंदिस्त जागेत प्रकाश आणि तापमान ताब्यात ठेवून तिच्या वर्षाला चार पिढ्यांपर्यंत घेता येतात. काम उत्तमच आहे.

मात्र अंशातली 'अचूकता' काचघरात वाढत नाही. ती लातूरच्या काळ्या रानात, पावसाच्या खंडात ठरते. शिवाय अचूकता कशाची, हा प्रश्न उरतोच. ज्वारीचे उदाहरण घ्या. १९६४ साली आलेला सीएसएच-१ हा आपल्या देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण. त्यासाठी लागणारा नर-वंध्य वाण सीके-६० अमेरिकेतून आला होता आणि त्या काळच्या कार्यक्रमाला रॉकफेलर प्रतिष्ठानचे साहाय्य होते. दाण्याचे उत्पादन वाढले, हे मान्य केलेच पाहिजे. पण ताट बुटके, म्हणून कडबा कमी. आणि वाण हळवा असल्यामुळे कणीस ऐन पावसात सापडून दाण्यावर बुरशी चढे. काळ्या पडलेल्या ज्वारीला अडतीत भाव तो काय मिळणार! उलट मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी स्वातंत्र्याआधीची. रब्बीत ती आजही टिकून आहे. तिची भाकरी चांगली होते आणि वैरण भरपूर मिळते. पैदासकाराच्या वहीत वैरणीचा रकाना नसेल, तर त्या गुणाचे वजन शून्य धरले जाते. मग पिढ्या कितीही भराभर घ्या, आपण चुकीच्या दिशेने वेगाने जातो, इतकेच. २०१६ च्या दुष्काळात मराठवाड्यात जनावरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या, तेव्हा त्या शून्याची किंमत कळली.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर तयार केलेली 'परभणी शक्ती' ही लोह आणि जस्त अधिक असलेली ज्वारी २०१८ साली आली. उद्देश चांगला आहे. पण बाजारात दाण्यातल्या लोहाला वेगळा भाव नाही आणि लातूरकडची खरिपाची रानं सोयाबीनने केव्हाच व्यापली आहेत. (खरीप ज्वारी पाहायची तर आता गाव शोधत जावे लागते.)

मालकीचा प्रश्न याहून बोचरा आहे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा एनएचएच-४४ हा संकरित वाण १९८० च्या दशकात आला आणि कोरडवाहू कापसात घरोघर पोचला. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. ते जनुक परदेशी कंपनीच्या भागीदारीतल्या उद्योगाकडे होते आणि परवान्याने ते खाजगी बियाणे कंपन्यांच्या वाणांत गेले. नांदेडच्या वाणात ते नव्हते. वाण तोच, माती तीच, पण बोंडअळीपुढे तो मागे पडला. एनएचएच-४४ बीटी रूपात यायला पुढे बरीच वर्षे लागली. तोवर शेतकऱ्यांना दुसऱ्याच पाकिटांची सवय झाली होती.