ढोलकीफड, वार्धक्य आणि वगाची रात्र

नाशिकहून पुण्याकडे जाणारा रस्ता सिन्नर ओलांडून संगमनेरला पोहोचतो. सुमारे सत्तर किलोमीटरांचा हा पट्टा लोकरंगभूमीच्या दृष्टीने असाधारण समृद्ध आहे. सिन्नर तालुक्यातील बावी हे शाहीर परशरामाचे (१७५४–१८४४) गाव. संगमनेर हे अनंत फंदीचे (१७४४–१८१९). संगमनेरच्या थोडे पुढे हिवरगाव पावसा लागते; पठ्ठे बापूरावांच्या कवनांना जिच्या गळ्याने आणि अभिनयाने कीर्ती मिळवून दिली ती पवळा तेथली. आणि तुकाराम खेडकर व कांताबाई सातारकर यांच्या नावाने ओळखला जाणारा ढोलकीफड, जो त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर चालवीत आले आहेत, त्याचेही बिऱ्हाड संगमनेरचेच. दसऱ्याला बाहेर पडावे, नाशिक, नगर, पुणे जिल्ह्यांतील यात्रा-जत्रा करीत अक्षय्य तृतीयेच्या सुमारास परतावे, हा अशा फडांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम होय.

इतकी वर्षे फिरत राहिलेला फड कशाच्या बळावर टिकतो, हा प्रश्न टीकाकारांनी क्वचितच विचारला आहे. तमाशाविषयीचे बहुतेक लेखन एक तर त्याच्या उगमाकडे वळते, नाही तर त्याच्या ऱ्हासाकडे. मधला, म्हणजे प्रत्यक्ष टिकून राहण्याचा व्यवहार दुर्लक्षितच राहतो.

या बाबतीत एक दूरचा दृष्टान्त उपयोगी पडेल. लंडनमध्ये १९६२ साली निघालेला ‘रोलिंग स्टोन्स’ हा रॉक संगीताचा वाद्यवृंद २००३ साली मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर वाजवून गेला. २०२१ मध्ये त्याचा ढोलवादक चार्ली वॉट्स निवर्तला. तरीही २०२४ साली वृंदाने उत्तर अमेरिकेचा दौरा पार पाडला. गायक मिक जॅगर आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्‌स हे दोघेही त्या वेळी ऐंशी वर्षांचे होते. तेथे श्रोता येतो तो मुख्यतः साठ वर्षांपूर्वीची गाणी त्याच माणसांच्या तोंडून ऐकावयास. नवे गाणे तो सौजन्याने ऐकून घेतो आणि जुन्याची वाट पाहतो. तेव्हा अशा वृंदाचे भांडवल म्हणजे जुनी चीज व जुना चेहरा.

ढोलकीफडाचे गणित याच्या नेमके उलट आहे. येथे चेहरे बदलतात, गाणी तर दर हंगामाला बदलतात. कायम राहते ते फडाचे नाव. यात्रा कमिटी सुपारी देते ती नावाला. कनातीत शिरलेला तरुण प्रेक्षक फर्माईश करतो ती याच वर्षी गाजलेल्या चित्रपटगीताची. ढोलकी, हलगी, कडे, तुणतुणे आणि झांज यांच्या शेजारी आज ड्रम, ऑक्टोपॅड व कीबोर्ड मांडलेले असतात. शंभराहून अधिक माणसांचा आणि ट्रकांच्या ताफ्याचा हा संसार चालवावयाचा तर फर्माईश नाकारून भागत नाही.

या गाण्यांवरच सर्व दोषारोप करण्याची सुशिक्षितांत प्रथा आहे. ती तपासून पाहण्यासारखी आहे. रंगबाजीचा भाग हा मुळातच ताज्या मालाचा बाजार होता. शाहिराने नवे कवन केले की ते दुसऱ्या फडाच्या आधी म्हणून दाखविण्याची चढाओढ असे, आणि बतावणीत कालच्या घटनेवर आज विनोद होई. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या आज आपणांस ‘पारंपरिक’ वाटतात. त्यांच्या प्रेक्षकांना त्या नव्या म्हणूनच प्रिय होत्या. चित्रपटगीत घेतल्याने फड भ्रष्ट झाला हे म्हणणे म्हणूनच अर्धेच खरे. लावणी रचणारा कवी फडातून नाहीसा झाला हे दुःख खरे आहे; पण नवेपणाची भूक हा काही त्याचा दोष नव्हे.

खरी हानी अन्यत्र आहे, आणि ती मोजावयाची तर वगाकडे पाहिले पाहिजे. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि वग ही रचना एका सबंध रात्रीसाठी घडलेली आहे. मध्यरात्रीनंतर वग उभा राहावा आणि तांबडे फुटेपर्यंत चालावा, अशी तिची चाल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकाला बंदी घातली. ठराविक दिवशीच मध्यरात्रीपर्यंतची सवलत मिळू शकते. नियमामागील हेतूबद्दल वाद नाही. आजारी माणसाला आणि अभ्यास करणाऱ्या मुलाला झोपेचा हक्क आहेच. परंतु रात्र कापावयाची झाली तर फडमालक काय कापील? ज्यासाठी शिट्ट्या पडतात ती गाणी तो कापू शकत नाही. मग कापला जातो तो वग: आधी तासाभराचा, मग अर्ध्या तासाचा, आणि पुढे नुसत्या जाहिरातीतल्या नावापुरता.

याचा परिणाम फडातील माणसांच्या वयावर होतो, हे फारसे कोणी लक्षात घेतलेले नाही. रंगबाजी हे तारुण्याचे क्षेत्र आहे. पायांत पाच-सहा शेर घुंगरू बांधून नाचण्याला वयाची मर्यादा पडते. वगात मात्र राजा लागतो, सासू लागते, कपटी प्रधान लागतो, आंधळा बाप लागतो. ज्या वयात पाय थकतात त्या वयात वाणी पिकलेली असते, आणि वगातील संपादणीला, म्हणजे आयत्या वेळी रचावयाच्या संवादाला, पिकलेलीच वाणी हवी असते. कांताबाई सातारकर यांची कारकीर्द याचे उत्तम उदाहरण आहे. १९६४ साली तुकाराम खेडकर निवर्तले तेव्हा पदरी लहान मुले होती. त्या आघातातून उठून त्यांनी पुढे स्वतःचा फड उभा केला, आणि त्यांची कीर्ती नर्तिका म्हणून जेवढी झाली त्याहून वगातील पुरुषभूमिकांमुळे, विशेषतः छत्रपती शिवाजी महाराजांच्या भूमिकेमुळे, अधिक झाली. २५ मे २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. करोनाच्या साथीने फडांचे हंगाम बुडविले होते तो हा काळ. अर्धशतकाहून अधिक चाललेली ही कारकीर्द केवळ गाण्यानाचावर उभी राहू शकली नसती. वगाने तिला प्रौढत्वाची जागा दिली.

पाश्चात्त्य वृंदातील वृद्ध गायकाला विशीतले गाणे ऐंशीव्या वर्षीही विशीच्याच आवेशात म्हणावे लागते. त्यात अचंबा आहे, क्वचित कारुण्यही आहे. तमाशाने हा प्रश्न अधिक शहाणपणाने सोडविला होता: कलावंताचे वय वाढले की त्याची भूमिका वाढे. वग आटला म्हणजे ही सोय आटते. मग पन्नाशीच्या कलावंतिणीला फडात स्वयंपाकाची किंवा पेटाऱ्याची राखण उरते, आणि तिच्याबरोबर तिची संपादणी मुकी होते.

शिवाय वगाची संहिता बहुधा लिहिलेली नसते. कथेचा सांगाडा ठरतो, प्रवेशांचा क्रम ठरतो, बाकीचे रात्रीवर आणि समोरच्या गावावर सोपविलेले असते. नैताळ्याच्या मतोबा यात्रेत बोलावयाचा विनोद चांदनपुरीच्या खंडोबापुढे जसाच्या तसा चालेल असे नाही. रॉक वृंदाचे गाणे ध्वनिमुद्रिकेत बंद आहे. वृंद उद्या विसर्जित झाला तरी ते ऐकता येईल. अर्ध्या तासाच्या वगाची चित्रफीत मात्र उद्याच्या अभ्यासकाची दिशाभूलच करील, कारण तो तिलाच पूर्ण वग समजेल. सबंध रात्रीचा वग ज्यांनी उभा केला ती माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत, आणि त्यांतील काही अजून फडाबरोबर ट्रकातून फिरत आहेत.