शकुंतलेचे कौतुक

जगातील अपरिचित स्थळांविषयी लिहिण्याची हल्ली मोठी हौस दिसते. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन असे लेख वाचायला मलाही आवडते. तुर्कमेनिस्तानात जळणारा वायूचा खड्डा पाहावा, पान उलटावे, तर पुढे आमच्या वऱ्हाडातली शकुंतला! अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुराहून अमरावती जिल्ह्यातल्या अचलपुरास जाणारी ती अरुंद रुळांची गाडी. प्रथम वाचले तेव्हा ऊर भरून आला. तीनचार लेख वाचल्यावर मात्र शंका आली की, हे लेखक गाडीत बसले होते की नुसते छायाचित्र काढून परतले?

सगळ्यांचा मजकूर एकच. इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेले, ते १९९४ पर्यंत वाफेवर धावले, शहात्तर किलोमीटरांना चारेक तास लागत, फाटक लावायला गाडीवरचाच माणूस खाली उतरे. हे खरेच आहे आणि मौजेचेही आहे. पण त्यावर हमखास फोडणी बसते ती 'इंग्रजांच्या मालकीची भारतातली शेवटची गाडी' या वाक्याची. ज्या किलिक निक्सनने ही लाइन उभी केली, ती पेढी १८५७ साली मुंबईतच निघाली होती, एवढे तरी पाहायला हवे होते. लाइन घातली ती वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे नेण्यासाठी. कापूस वगळला तर या गाडीचे चरित्र उरतच नाही. पण लेखांत त्याला फार तर अर्धी ओळ.

आणि वाटेतली गावे? अंजनगाव सुर्जीला एकही लेखक उतरलेला नाही. डिसेंबर १८०३ मध्ये वेलस्लीने गाविलगड घेतला आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला दौलतराव शिंद्यांशी तह झाला तो या अंजनगावी. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. 'अपरिचित' म्हणावे असे काही हवे असेल तर ते इथे होते, खिडकीबाहेर.

माझी मावशी दर्यापूरची. भाडे थोडे म्हणून ती याच गाडीने जाई. पाहुण्यांना मुद्दाम गाडी दाखवायला नेले की म्हणे, "गाडी काय पाहाची असते का बापा? बसाची असते." प्रवासवर्णनावरची याहून नेमकी टीका मी समीक्षकांच्या ग्रंथांतही वाचलेली नाही. ही गाडी अपरिचित होती ती लेखकाला. गाठोडे घेऊन चढणाऱ्या बाईला नव्हे.

कौतुकाने काहीच साधत नाही, असे मी म्हणणार नाही. वेल्समधली टॅलिलिन ही अशीच छोटी लाइन बंद पडायला आली, तेव्हा १९५१ साली हौशी मंडळींनी स्वतः चालवायला घेतली आणि ती आजही धावते. पण ते लोक फावडे घेऊन रुळांवर उतरले. आमच्या शकुंतलेच्या वाट्याला विशेषणेच फार आली. तिच्यासाठी आंदोलन केले ते अचलपूरकडच्या लोकांनी, आणि त्याची वार्ता या लेखांत शोधूनही सापडत नाही.

गेली काही वर्षे गाडी बंद आहे. परवा वाचलेल्या लेखात मात्र ती अजून धावतेच आहे. मावशीचा मुलगा जादा पैसे मोजून एसटीने जातो.