पाठशुद्धी आणि नाकारलेल्या पाठाची नोंद : एक चिकित्सा

ग्रंथात वा शासकीय दस्तऐवजात शिरलेले दोष दूर करणे हे ज्ञानव्यवहाराचे आवश्यक अंग आहे. मात्र काय बदलले व कोणत्या आधारे बदलले, याची नोंद न राहिल्यास दुरुस्तीच पुढील अभ्यासकांपुढे प्रश्न म्हणून उभी राहते. या दृष्टीने दोन संहितांचा येथे विचार केला आहे.

संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठभेदांमुळे तो अशुद्ध झाला, अशी त्यांची भूमिका होती. पुढे कोणी त्यात स्वतःची ओवी घालू नये, असेही त्यांनी बजावले. या कार्याचे ऋण निर्विवाद आहे. तथापि कोणते पाठ नाकारले, याची यादी ग्रंथासोबत नाही. परिणामी इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्या प्राचीनतेविषयी वाद झाला आणि ताडून पाहण्यास नाथांची नोंद उपलब्ध नव्हती. अर्थात, भाविकांसाठी केलेल्या शुद्धीला आधुनिक संपादनशास्त्राचे निकष लावून दोष देणे न्याय्य ठरणार नाही.

याउलट पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत नाकारलेले पाठ तळटीपांत व परिशिष्टांत जपले आहेत. गणेशाने लेखनिक होण्याची सर्वपरिचित कथा डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी आदिपर्वाच्या संहितेतून वगळली, परंतु परिशिष्टात ठेवली. अनिश्चित पाठांखाली नागमोडी रेघ दिली. त्यामुळे संपादकाशी असहमत होण्याची साधने वाचकाला त्याच ग्रंथात मिळतात.

शासन निर्णयाच्या शुद्धिपत्रकातही ‘अमुक ऐवजी तमुक वाचावे’ अशा रचनेतून चूक व दुरुस्ती शेजारी राहतात. त्याची मर्यादा वेगळी आहे. शुद्धिपत्रक स्वतंत्र कागद असल्याने मूळ निर्णय त्याच्याविना फिरत राहतो. ग्रंथाच्या शेवटी छापलेल्या शुद्धिपत्राचीही हीच गत होते. उलट पुनर्मुद्रणात गुपचूप केलेल्या दुरुस्तीमुळे, जुन्या प्रतीतून प्रामाणिकपणे उद्धृत करणारा अभ्यासकच चुकीचा ठरतो.

सारांश, दुरुस्ती मूळ मजकुराशी जोडलेली असावी आणि बदललेला पाठही वाचकाला दिसावा. चूक मान्य केल्याने ग्रंथाची प्रतिष्ठा उणावत नाही. ती पुसून टाकल्याने मात्र पडताळणीचा मार्ग बंद होतो.