गाणं कुठे अडतं
२७ डिसेंबर १९२७ रोजी न्यूयॉर्कच्या झीगफेल्ड थिएटरात पडदा वर गेला, तेव्हा समोर कापसाच्या गाठी वाहणारे काळे हमाल होते. ज्याच्या नावाचं हे थिएटर, त्या फ्लोरेन्झ झीगफेल्डने आपल्या ‘फॉलीज’मधून वर्षानुवर्षं पिसं ल्यालेल्या सुंदऱ्यांच्या रांगा नाचवल्या होत्या, आणि पडदा उघडला की त्याच दिसायच्या, याची ब्रॉडवेच्या प्रेक्षकाला सवय झालेली. ‘शो बोट’ने सुरुवातच मजुरीपासून केली. एडना फर्बरची कादंबरी, जेरोम कर्नचं संगीत, ऑस्कर हॅमरस्टाइन दुसरे यांची संहिता आणि गीतं. म्युझिकलमध्ये वास्तव आलं ते इथून, असं सर्रास म्हटलं जातं आणि कारण म्हणून विषय पुढे केले जातात: वर्णभेद, दारू, जुगारापायी मोडलेला संसार. हे कारण मला अपुरं वाटतं. गाण्यांच्या नाटकात गंभीर विषय आणणं तेवढं अवघड नसतं. आपल्याकडे देवलांच्या ‘संगीत शारदा’ने १८९९ मध्येच बाला-जरठ विवाहाला हात घातला होता. पण संगीत नाटकात पदाला वन्स मोअर मिळाला की नायिका दुःख बाजूला ठेवून पुन्हा धृपदापासून गाणार, आणि तेवढा वेळ नाटक ताटकळणार. ब्रॉडवेची अभिजात म्युझिकल्स हळूहळू दुसरंच काही शिकली. कोण गातंय, आत्ताच का गातंय आणि कुठे त्याला गाता येत नाही, याचा हिशेब ती ठेवू लागली.

‘शो बोट’मध्येच या हिशेबाचा उत्तम दाखला आहे. मिसिसिपीवरच्या तरंगत्या नाटकमंडळीची नायिका ज्यूली एक प्रेमगीत गुणगुणते. स्वयंपाकीण क्वीनी चमकते, कारण हे गाणं तिने फक्त काळ्या माणसांच्याच तोंडी ऐकलेलं असतं. गोरी म्हणून वावरणाऱ्या ज्यूलीला ते येतं कसं? हे गाणं ऐकायला गोड आहेच, पण इथे ते पुराव्यासारखं वापरलंय. पुढे शेरीफ दारात येतो. गोऱ्या-काळ्यांचं लग्न तिथल्या कायद्याने गुन्हा. ज्यूलीचा गोरा नवरा तिच्या बोटाला चीर देऊन रक्त चोखतो, म्हणजे आपल्याही अंगात काळं रक्त आहे असं त्याला शपथेवर सांगता यावं. आता इथे कुणी गायला लागलं असतं तर प्रसंगाचा चक्काचूर झाला असता. तो संवादातच पार पडतो.

यावर आक्षेप येईल की हे कसलं वास्तव? पहिल्या प्रयोगात क्वीनीची भूमिका टेस गार्डेला या गोऱ्या नटीने तोंडाला काळं फासून केली होती, आणि कादंबरीत कायमचा निघून गेलेला जुगारी नवरा (ज्यूलीचा नव्हे, दुसऱ्या जोडप्यातला) रंगमंचावर शेवटी परत आणला गेला. आक्षेप खरा आहे. ‘ओक्लाहोमा!’ (१९४३) तर याहून अडचणीचं. झगमगीत समूहनृत्याऐवजी ताक घुसळणारी एकटी म्हातारी आणि पडद्यामागून येणारा गुराख्याचा आवाज, अशा सुरुवातीचं कौतुक आजवर होत आलं आहे. २,२१२ प्रयोगही झाले. पण ज्या प्रदेशाची ही कथा, तिथले मूळ रहिवासी त्यात दिसत नाहीत. आणि मूळ नाटकाचा लेखक लिन रिग्ज स्वतः चेरोकी वंशाचा! तेव्हा या म्युझिकल्सनी अमेरिकेचं खरं चित्र उभं केलं, असा दावा कुणी करू नये. त्यांनी गाण्याला खोटं बोलणं अवघड करून ठेवलं, एवढंच म्हणता येईल.

ते कसं, हे पाहायचं तर रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांच्या ‘कॅरोसेल’मधला (१९४५) बाकावरचा प्रवेश पाहावा. मेनच्या किनाऱ्यावरची गिरणी-कामगार (ही दुसरी) ज्यूली आणि जत्रेतल्या चक्रीवर गिऱ्हाईक ओढणारा बिली. दोघांची नोकरी त्याच संध्याकाळी गेलेली. बोलणं चाललंय, खाली वाद्यं हलकेच वाजताहेत, वाक्य कधी सुरात शिरतं, कधी पुन्हा बोलण्यावर येतं. आणि प्रेमगीत म्हणून जे गाणं येतं ते सगळं ‘जर-तर’मध्ये: प्रेम असतं तर काय झालं असतं. कबुली कुणीच देत नाही. लाजऱ्या, हट्टी माणसांचं प्रेम याहून खरं कसं दाखवणार? पुढे बायको गरोदर असल्याचं कळल्यावर बिली एकटाच बराच वेळ गातो. आधी मुलाची स्वप्नं, मग एकाएकी मनात येतं, मुलगी झाली तर? पैसे कुठून आणणार? गाणं संपेपर्यंत चोरीची तयारी झालेली असते, आणि त्या चोरीतच तो मरतो. गाणं काढून टाका, कथा पुढे सरकणारच नाही. (बिलीच्या मारहाणीला हे नाटक फारच मऊ हाताने हाताळतं, हेही खरं. तिथे त्याची नजर चुकते.)

वास्तव हवंच असेल तर गद्य नाटक होतंच की, हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर ‘वेस्ट साइड स्टोरी’ने (१९५७) दिलं. न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतली टोळ्यांची मारामारी, आणि पहिला अंक संपताना रंगमंचावर दोन प्रेतं. शेवटी नायक टोनी नायिका मारियाच्या मांडीवर मरतो. ती साथीशिवाय गायला लागते, तोही सूर लावू पाहतो, आणि गाणं अर्ध्यातच तुटतं. मग मारिया पिस्तूल हातात घेऊन टोळ्यांकडे वळते. ऑपेराच्या रिवाजाने हा मोठ्या गाण्याचा क्षण. लेनर्ड बर्नस्टाइनने तिथे गाणं रचून पाहिलंही होतं. ते काही जमलं नाही, आणि आर्थर लॉरेन्ट्सने लिहिलेलं बोलणं तसंच राहिलं. रात्रभर गाणारी ही मुलगी आता गाऊ शकत नाही, हे गद्य नाटकात कळलंच नसतं. तिथे सगळेच बोलतात. दोन्ही टोळ्यांची पोरं मिळून टोनीला उचलतात, मोठी माणसं नुसती उभी राहतात. वाद्यवृंद शांतवणारा स्वरमेळ धरतो, पण त्याच्या षड्जाखालून तीव्र मध्यम डोकावतोच.