दिनचर्येचें वाङ्मय

महाड आणि पोलादपूर या शेजारच्या दोन गांवांच्या परिसरांत दोन ग्रंथांची आठवण एकदमच होते. पोलादपुरास कवींद्र परमानंदाची समाधि आहे. त्याचें ‘शिवभारत’ संस्कृतांत असलें तरी महाराष्ट्राच्या मनांत तें घरचेंच झालें आहे. महाड तालुक्यांतील शिवथरची घळ ही ‘दासबोधा’चें जन्मस्थान म्हणून धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनीं १९३० सालीं शोधून काढिली. पहिला ग्रंथ पराक्रमाचा. दुसऱ्यांत वेदांत पुष्कळ आहे. परंतु आम्हांस त्यांतील थोर वाटतो तो भाग निराळाच. अकराव्या दशकांत समर्थ पहाटे उठण्यापासूनची दिनचर्या सांगतात आणि एकोणिसाव्याच्या आरंभीं अक्षर कसें काढावें, ओळी कशा सारख्या राखाव्या हेंही शिकवितात. परमार्थ हा अशा किरकोळ कामांतूनच साधावयाचा असतो, हें ओळखण्याची दृष्टि आमच्या वाङ्मयांत विरळा आहे.

हीच कसोटी आम्ही येथें कॅथलिक भगिनींविषयींच्या मराठी लेखनास लावूं इच्छितों. आमच्या कथा-कादंबऱ्यांतून ‘सिस्टर’ भेटते ती बहुधा रुग्णाच्या उशाशीं किंवा शाळेच्या दाराशीं. ती शांत, हंसतमुख व सेवामूर्ति असते. पण तिचा दिवस कसा जातो? पहाटेची प्रार्थना, मिस्सा, मग शाळा वा दवाखाना, सायंप्रार्थना, रात्रीचें आत्मपरीक्षण. मधल्या वेळांत स्वयंपाक, धुणें, हिशेब. आणि या सर्वांस बांधणारीं दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन हीं तीन व्रतें. यांतलें कांहींच लेखकास दिसत नाहीं. तो सेवेची स्तुति करितो आणि सेविकेला विसरतो. ही संस्था परकी, म्हणून अपरिचित, असेंही म्हणतां यावयाचें नाहीं. जुन्या गोव्यांतील सांता मोनिकाचा मठ १६०६ सालचा, म्हणजे समर्थांच्या जन्मापूर्वीं दोन वर्षें स्थापन झालेला. शिवाय १९६२ ते १९६५ पर्यंत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनची जागा लोकभाषांनीं घेतल्यामुळें ही उपासना मराठींतही होऊं लागली. तेव्हां भाषेची सबबही उरली नाहीं.

युरोपांत हा दिवस मठवासी स्त्रियांनींच लिहून ठेविला आहे. आविलाच्या तेरेसानें १५७३ सालीं आपल्या मठस्थापनांचा वृत्तांत लिहावयास घेतला. आज्ञेनें स्वयंपाकघरांत जावें लागलें तर भांड्याकुंड्यांतही प्रभु आहे, असा धीर ती भगिनींना देते. फ्रान्समधील लिझ्यूच्या तेरेझनें तर याहून बारीक नोंदी केल्या. ती पंधराव्या वर्षीं मठांत गेली आणि १८९७ सालीं चोविसाव्या वर्षीं वारली. रुमाल धुतांना समोरच्या भगिनीकडून गढूळ पाणी तोंडावर उडतें. मागें हटण्याची ऊर्मि ती दाबते. प्रार्थनेच्या वेळीं मागें बसलेलीचा चमत्कारिक आवाज चालूच असतो. तो सहन करितां करितां तिला घाम फुटतो. शेवटीं तो लक्षपूर्वक ऐकणें हीच ती आपली प्रार्थना करिते. येथें साक्षात्कार नाहीं, चमत्कार नाहीं. आहे तो स्वभावाशीं रोजचा झगडा; आणि तो खरा वाटतो, कारण तो क्षुद्र वाटेल इतका लहान आहे.

तेरेझच्या शैलींत बालिश गोडवा फार आहे, हा दोष आम्ही झांकीत नाहीं. परंतु १८९८ सालीं छापलेला तिचा ग्रंथ मठांतील तिच्याच वडील बहिणीनें पुष्कळ सारखासुरखा केला होता; मूळ हस्तलिखितें प्रसिद्ध होण्यास १९५६ साल उजाडलें. संतत्व मान्य करावयाचें म्हटलें कीं भक्तांस प्रथम खडबडीतपणा घांसून काढावासा वाटतो.

आमच्या वेणाबाईंचें काय झालें? या बालविधवेला समर्थांनीं उभ्यानें कीर्तन करण्याचा अधिकार दिला, मिरजेचा मठ तिनें सांभाळिला, ‘सीतास्वयंवर’ रचिलें. सांप्रदायिक चरित्रांत मात्र अग्रस्थान मिळालें तें घरच्यांनीं दिलेलें विष पचविल्याच्या कथेला. दोष चरित्रकारांचाच आहे असें नाहीं. आम्हींही वर्षानुवर्षें वर्गांत तीच कथा रंगवून सांगितली. एकदां एका विद्यार्थिनीनें विचारिलें, “मठांत रोजचा स्वयंपाक कोण करीत असे?” तेव्हां वर्ग हंसला आणि आम्हीही हंसलों. आज वाटतें, त्या तासांत विचारण्याजोगा प्रश्न तेवढाच होता. मठ चालविणें म्हणजे धान्य, माणसें, वेळ आणि रुसवेफुगवे सांभाळणें; वेणाबाईंची खरी तपश्चर्या तेथें असली पाहिजे, आणि नेमकी तीच आम्ही गमावली.

म्हणून आमची मागणी लहान आहे. भगिनींवर आणखी गौरवलेख नकोत. त्यांच्यापैकीं एखादीनें आपला एक साधा मंगळवार, प्रार्थनेंत लागलेल्या डुलकीसह आणि सहभगिनीवर आलेल्या रागासह, मराठींत लिहून काढावा. आणि संपादकांनीं तो घांसूनपुसून गुळगुळीत न करितां छापावा. शिवथरच्या ग्रंथाचा वारसा सांगणाऱ्या भाषेनें एवढें मागण्यांत कांहीं वावगें नाहीं.