प्रतिमेकडून आज्ञेकडे : सय्यद कुत्ब यांचे कुराणवाचन

आधुनिक इस्लाममधील सुधारणावाद आणि राजकीय इस्लाम यांची चर्चा मराठीत बहुधा समाजशास्त्राच्या किंवा राज्यशास्त्राच्या अंगाने होते. हमीद दलवाई यांच्या कार्यामुळे तलाक, व्यक्तिगत कायदा, स्त्रियांचे हक्क हे प्रश्न मराठी वाचकाच्या परिचयाचे झाले. या संघर्षाच्या मुळाशी संहिता कशी वाचावी हा वाङ्मयीन प्रश्नही आहे, याकडे मात्र क्वचितच लक्ष गेले. (दलवाई स्वतः कथा-कादंबरीकार होते, हे ध्यानात घेता ही उपेक्षा अधिकच खटकते.) विसाव्या शतकातील इजिप्तमध्ये हा प्रश्न उघडपणे वाङ्मयीन म्हणूनच विचारला गेला. त्या चर्चेतील एक गोष्ट समीक्षेच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारी आहे : राजकीय इस्लामचे सर्वांत प्रभावी अरबी भाष्यकार सय्यद कुत्ब (१९०६–१९६६) हे मुळात साहित्यसमीक्षक होते.

कैरोच्या दार अल्-उलूममध्ये शिकलेले कुत्ब हे अब्बास महमूद अल्-अक्काद यांच्या वर्तुळातले. कविता, कादंबरी, आत्मपर लेखन, समीक्षा या सर्व प्रांतांत त्यांनी लेखन केले. नजीब महफूज हे नाव फारसे कोणाला ठाऊक नसताना १९४४ साली त्यांच्या कादंबरीची दखल घेणाऱ्या पहिल्या समीक्षकांत कुत्ब होते. पुढील हकीकत सामान्यतः अशी सांगितली जाते : १९४८ ते १९५० या काळात अमेरिकेत वास्तव्य, परतल्यावर मुस्लिम ब्रदरहूडमध्ये प्रवेश, १९५४ मध्ये अटक, तुरुंगवास, आणि २९ ऑगस्ट १९६६ रोजी फाशी. या हकीकतीत समीक्षक कुठेतरी मागे राहतो आणि विचारप्रणालीचा प्रवक्ता जन्माला येतो. साहित्यव्यवहाराला निष्कलंक ठेवणारी ही मांडणी सोयीची आहे. कुत्ब यांचे ग्रंथ तिला फारसा दुजोरा देत नाहीत.

१९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अत्-तस्वीर अल्-फन्नी फिल्-कुरआन’ या ग्रंथाच्या आरंभी कुत्ब आपल्या बालपणीच्या वाचनाची आठवण देतात. ‘कडेवर उभे राहून’ ईश्वराची उपासना करणाऱ्या माणसाचा उल्लेख एका आयतीत येतो. खेड्यातल्या त्या मुलाच्या डोळ्यांपुढे उंचवट्याच्या अगदी टोकावर प्रार्थना करणारा, प्रत्येक हालचालीबरोबर तोल जाणारा माणूस उभा राही. पुढे विद्यालयात भाष्यग्रंथांचा अभ्यास झाला आणि ते सुंदर कुराण हरवले. भाष्ये बाजूला ठेवून मूळ संहितेकडे वळल्यावर ते पुन्हा गवसले, असे कुत्ब सांगतात. या अनुभवावर त्यांनी सिद्धांत उभारला. अमूर्त अर्थ, मनःस्थिती, घटना या सर्वांना कुराण इंद्रियगोचर चित्राचे रूप देते, त्या चित्राला गती आणि प्राण देते. आणि श्रोता आपण शब्द ऐकत आहोत हे विसरून दृश्याचा साक्षीदार होतो. अकराव्या शतकातील अब्द अल्-काहिर अल्-जुर्जानी या तत्त्वाच्या अगदी जवळ पोहोचले होते, असा निर्वाळाही ते देतात. ग्रंथ खरोखर चांगला आहे. कुत्ब यांच्या राजकारणाची घृणा बाळगणाऱ्या वाचकालाही त्यातील प्रतिमाविश्लेषण नाकारता येणार नाही.

त्याच दशकात कैरो विद्यापीठात कुराणाचे दुसरे वाङ्मयीन वाचन आकार घेत होते. अमीन अल्-खूली यांचा आग्रह असा की, कुराण हा अरबी भाषेतील सर्वश्रेष्ठ ग्रंथ असून इतर कोणत्याही हेतूआधी त्याचा अभ्यास त्या नात्याने व्हावा. शब्दाचा अर्थ त्याच्या पहिल्या श्रोत्यांना कसा उमगला असेल, ते प्रथम शोधावे. त्यांचे विद्यार्थी मुहम्मद अहमद खलफल्लाह यांनी १९४७ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात कुराणातील कथांचे प्रयोजन इतिहासकथन हे नसून नैतिक परिणाम साधणे हे आहे, असे प्रतिपादन केले. प्रबंध फेटाळला गेला. खूली यांना कुराणविषयक संशोधनाचे मार्गदर्शन करण्यास मनाई झाली.

दोन्ही वाचनांचा आरंभबिंदू एकच, परंपरागत भाष्याविषयीचे असमाधानही समान. खूलींचा प्रश्न ‘तेव्हा काय समजले?’ असा आहे. तो वाचक आणि संहिता यांच्यामधले तेरा शतकांचे अंतर मोजू पाहतो. ‘ऐकताना आता काय घडते?’ हा कुत्ब यांचा प्रश्न ते अंतर पुसून टाकतो. वाङ्मयीन दृष्टी आली की उदारता आपोआप येते, हा समीक्षाव्यवहारातला गोड समज इथे टिकत नाही.

‘मआलिम फित्-तरीक’ (१९६४) या अखेरच्या पुस्तकात हीच रचना पुन्हा भेटते. मुस्लिमांची पहिली पिढी अद्वितीय ठरली, कारण तिचा झरा एकच होता. पुढे त्यात ग्रीक तत्त्वज्ञान, इराणी दंतकथा, ज्यू आणि ख्रिस्ती परंपरांतील सामग्री मिसळली. ती पिढी ज्ञानासाठी वा रसास्वादासाठी वाचत नव्हती. रणांगणावरील सैनिक दिवसाचा हुकूम घेतो तशी ती वाचत होती, असे कुत्ब म्हणतात. १९४५ साली मुलगा आणि चित्र यांच्यामध्ये भाष्यकार उभे होते. १९६४ साली श्रद्धावान आणि आज्ञा यांच्यामध्ये अवघी संस्कृती उभी आहे. मध्यस्थ दूर सारण्याची क्रिया तीच. चित्राच्या जागी आज्ञा आली आणि रसास्वादाची निंदा करणारा हा लेखक आपल्याच पूर्वीच्या ग्रंथाला नाकारू लागला. त्या ग्रंथाने शिकवलेला थेटपणा मात्र त्याने सोडला नाही.

संकल्पनांची सामग्री अर्थातच अन्यत्रूनही आली. ईश्वराचे सार्वभौमत्व आणि आधुनिक ‘जाहिलिय्या’ या कल्पनांसाठी कुत्ब हे मौलाना मौदुदींचे ऋणी आहेत. मौदुदींचा जन्म १९०३ मध्ये तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातील औरंगाबादचा. कुराणातील चार मूलभूत संज्ञांवरील त्यांचे उर्दू पुस्तकही शब्दांचे मूळ अर्थ काळाच्या ओघात झाकोळले, याच गृहीतकावर उभे आहे. नासरच्या तुरुंगांचाही वाटा मोठा. १९५७ मध्ये तुरा तुरुंगात ब्रदरहूडच्या कैद्यांवर गोळीबार झाला. कुत्ब यांच्या लेखनातील संतापाचा उलगडा तुरुंगाने होतो. त्यांच्या वाचनपद्धतीचा होत नाही, कारण ती तुरुंगापूर्वीच सिद्ध झाली होती. अर्थात प्रतिमावादातून राजकीय इस्लाम अपरिहार्यपणे निघतो असेही नव्हे. खूलींच्या विद्यार्थिनी आणि पत्नी आयशा अब्द अर्-रहमान यांनी शैलीचे तितकेच सूक्ष्म विश्लेषण केले, पण त्यांचे भाष्य शब्दप्रयोगाच्या शिस्तीत राहिले.

खूलींचा धागा पुढे नस्र हामिद अबू झैद यांनी उचलला. ‘नक्द अल्-खिताब अद्-दीनी’ (१९९२) मध्ये त्यांनी धार्मिक वक्तव्याच्या ज्या यंत्रणा नोंदवल्या, त्यांत मानवी विचार आणि धर्म यांना एकच मानणे आणि ऐतिहासिक परिमाण डावलणे या दोन कुत्ब यांना नेमक्या लागू पडतात. १९९३ मध्ये अबू झैद यांची बढती नाकारण्यात आली. १९९५ मध्ये न्यायालयाने त्यांना धर्मभ्रष्ट ठरवून त्यांचा विवाह रद्द केला, आणि पत्नीसह त्यांना नेदरलँड्सचा आश्रय घ्यावा लागला.

परंतु या परंपरेतही एक उणीव आहे आणि ती केवळ छळामुळे निर्माण झालेली नाही. इतिहासनिष्ठ वाचन आयतीचा संदर्भ देते. खेड्यातल्या मुलाला तोल जाणारा माणूस का दिसला, हे सांगत नाही. पठण ऐकून हेलावणाऱ्या श्रोत्याला कुत्ब काहीतरी देऊ करतात. खूली आणि खलफल्लाह त्याला अभ्यासकांच्या वर्गात बसवतात. लेखनाच्या उत्तरकाळात अबू झैद यांनी स्वतःच्या भूमिकेत फेरबदल केला, तो याच ठिकाणी. कुराणाला केवळ संहिता मानल्याने ते दैनंदिन जीवनात आजही उच्चारले आणि ऐकले जाणारे वक्तव्य आहे, ही बाब निसटते, असे त्यांनी २००४ च्या सुमारास मांडले आणि बहुस्वरी संवाद म्हणून त्याच्याकडे पाहण्यास आरंभ केला. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ते काम अपुरे होते.