भेग, फट आणि यंत्राचे शिक्षण

भिवंडीजवळच्या टेमघरचा कातळ हा दख्खनच्या लाव्हाथरांचा. अशा कातळाची अंगची सच्छिद्रता बेताचीच; विहिरीला झरा लागतो तो बहुधा त्यातील संधींतून वा कुजलेल्या थरांतून. अल्पपार्य तैलाशयांसही हाच न्याय लागू पडतो. गुजरातेतील पाद्रा क्षेत्रात तर खनिज तेल या दख्खनी बेसाल्टच्याच भंगांतून हाती आले. हे भंगांचे जाळे कसे पसरले आहे याचे अनुमान करण्यासाठी अलीकडे न्यूरल नेटवर्क योजले जाते. विहिरीच्या भिंतीच्या विद्युत्प्रतिमा व भूकंपलहरींची मापने त्यास पुरवावयाची आणि दोन विहिरींमधील अदृष्ट प्रदेशाचे चित्र त्याकडून मिळवावयाचे, अशी ही रीत. प्रयत्न स्तुत्य खरा. परंतु त्याची परिभाषा तपासून घेणे अगत्याचे आहे.

पहिला आक्षेप नामकरणाचा. भेग, तडा, चीर व फट हे मराठी शब्द समानार्थी नव्हेत. भेगेतून काही वाहीलच असे नाही. फट म्हटली की मोकळी जागा आली. बेसाल्टमधील कित्येक भंग झिओलाइट व कॅल्साइट यांनी बुजलेले असतात. बुजलेले आणि मोकळे असे दोन्ही प्रकार ‘भंग’ या एकाच नावाखाली घातले, तर यंत्र भेगा मोजील. तेलाची वाट मात्र सांगू शकणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उभ्या विहिरीला उभे भंग क्वचितच भेटतात. वेधछिद्र व भंगाचे प्रतल यांतील कोन जितका लहान, तितकी त्या भंगाची नोंद कमी होते, हे रूथ टर्झागी यांनी १९६५ साली दाखवून दिले. लाव्हाथरांतील स्तंभाकार संधी तर बहुधा उभ्याच असतात. अशा नोंदींवर घडलेले यंत्र हा दोष जसाच्या तसा उचलते, आणि त्याच क्षेत्रातील दुसऱ्या उभ्या विहिरीवर परीक्षा घेतली असता उत्तीर्णही होते. कारण प्रश्नपत्रिकेतही तीच उणीव असते.

येथे ‘शिकणे’ हे क्रियापद दिशाभूल करते. यंत्र उदाहरणांतील साम्य टिपते; उदाहरणांत जे आलेच नाही त्याची उणीव त्यास आपण होऊन जाणवत नाही. ती जाणीव अभ्यासकानेच पुरवावयाची असते. तिरप्या विहिरी, दाबाच्या चाचण्या आणि उघड्या कातळावरील प्रत्यक्ष मोजणी यांच्या साक्षीवाचून अशा प्रतिमानाच्या अचूकतेचा आकडा ग्राह्य मानू नये.